मूल वर्गात मागे पडतंय? तपासणीचा अर्ज कुठे, अपील कुठे?

यवतमाळ : झरी जामणी असो की उमरखेड, नीट ऐकू न येणारं किंवा अक्षरं ओळखताना अडखळणारं मूल अनेकदा ‘ढ’ ठरवलं जातं. पण दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार अशी अडचण लवकर ओळखून मदत देणं ही शाळेचीच जबाबदारी आहे. कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही येते.

अर्ज कसा करावा?
मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहा. मुलाला नेमकं काय जमत नाही ते लिहून विशेष शिक्षकामार्फत तपासणी मागा. एक प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. दोन्हीकडून तारखेसह पोच घ्याच.

प्रमाणपत्र
स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा, मग सरकारी दवाखान्यात तपासणी होते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची शाळा की विशेष शाळा, हे पालकांनी ठरवायचं.

निर्णय पटला नाही तर?
टक्केवारी कमी दिली किंवा प्रमाणपत्र नाकारलं, तर ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं. शाळेने प्रवेश किंवा मदत नाकारली, तर आधी गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग. तिथंही दाद लागली नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

तोंडी नकार ऐकून परतू नका. “जमणार नाही” असं म्हटलं, तर तेच लेखी मागा. पुढची सगळी लढाई त्या कागदावर चालते.