लोकर कातणारी बाई आणि सोनेरी कातडं

शूरांची गोष्ट म्हटली की डोळ्यांपुढे ढाल-तलवार येते. त्या गोष्टीत कष्टकरी बाईला जागा किती? आज आपण जुन्या ग्रीक जगातल्या दोन कवींकडे बघू. दोघांमध्ये सुमारे पाचशे वर्षांचं अंतर आहे.

पहिला होमर. त्याच्या नावावरची 'इलियड' आणि 'ओडिसी' ही महाकाव्यं साधारण ख्रिस्तपूर्व ८व्या शतकातली मानतात. 'इलियड'मध्ये ट्रॉयची लढाई आहे. अकिलीससारखा वीर तिथे भाल्याच्या जोरावर नाव कमावतो. एकदा दोन्ही फौजा अशा झुंजतात की कुणीच मागे हटेना. तेव्हा होमर म्हणतो, लेकरांसाठी चार पैसे मिळावेत म्हणून लोकर कातणारी बाई तराजूची पारडी जशी नीट सारखी करते, तशी ती लढाई तोलून राहिली. एवढं सांगून कवी पुन्हा लढाईकडे वळतो. बाई तिथेच राहते.

दुसरा अपोलोनियस. ख्रिस्तपूर्व ३ऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात ग्रीक राजांचं राज्य होतं. तिथल्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा तो प्रमुख होता. त्याने होमरचंच वृत्त घेतलं, त्याच वळणाची भाषा घेतली आणि 'आर्गोनॉटिका' हे ४ भागांचं काव्य रचलं. गोष्टही जुनीच, होमरलाही ठाऊक असलेली. जेसन नावाचा तरुण आर्गो जहाजातून काळ्या समुद्रापलीकडे कोल्किसला जातो आणि मेंढ्याचं सोनेरी कातडं घेऊन येतो.

पण जुन्या गोष्टीला त्याने नवं वळण दिलं. जहाजावर सगळ्यांत बलवान वीर होता हेराक्लीस. तो पहिल्याच भागात वाटेत मागे राहतो. जेसन तर संकट आलं की पुष्कळदा हतबल होऊन बसतो. कोल्किसचा राजा त्याला अट घालतो : आग ओकणारे बैल जुंपून शेत नांगर, त्यात सर्पाचे दात पेर आणि उगवतील त्या सैनिकांना मार. हे जेसनच्या हातून कसं व्हावं? वाट दाखवते राजाची मुलगी, मेडीया. तिला झाडपाल्याचं ज्ञान आहे. ती अंगाला लावायचा लेप देते, त्याने एक दिवस आग आणि शस्त्र बाधत नाही. सैनिकांमध्ये धोंडा फेक, ते आपसातच लढून मरतील, ही युक्तीही तिचीच. कातड्याची राखण करणाऱ्या सर्पाला झोपवते तीच.

आणि होमरची ती लोकर कातणारी बाई? अपोलोनियस तिला मेडीयाच्या मनात आणून बसवतो. मेडीयाला प्रेमाची आग लागते, तेव्हा तो सांगतो : रात्री कामाला उजेड हवा म्हणून कातणारी बाई निखाऱ्यावर काटक्या रचते आणि बघता बघता जाळ होतो, तसं तिचं झालं. पुढे बापाची माणसं तिला परत न्यायला येतात. तिला झोप लागत नाही. तेव्हा पुन्हा तीच बाई दिसते, आता विधवा. रात्रभर टकळी फिरवते आहे, भोवती पोरकी लेकरं रडताहेत, गालांवरून आसवं ओघळताहेत.

मेडीया काही देवी नाही. भावाच्या खुनात तिचाही हात आहे, आणि कवी ते झाकत नाही. पण जेसनने तिला वचन दिलं होतं, ग्रीसमध्ये सगळे तुझा मान राखतील. ऐकणाऱ्या ग्रीकांना शेवट ठाऊक होता. ख्रिस्तपूर्व ४३१ मध्येच युरिपिडीसच्या नाटकात त्यांनी पाहिलं होतं, की जेसन तिला टाकून दुसरं लग्न करतो.

म्हणजे जुनी गोष्ट मोडावी लागली नाही. नांगर धरला जेसनने, नाव त्याचं झालं. पण ते काम कुणाच्या ज्ञानावर उभं राहिलं, हे या कवीने लिहून ठेवलं, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एक जुनी गोष्ट आठवून आणा. त्यात काम कुणी केलं आणि नाव कुणाचं झालं, ते मिळून बघू.