‘हात बसविणे’ : नांदेड-लातूरकडील अस्थिभंगोपचारासंबंधी एक टिपण

संस्कृत ‘कूर्पर’पासून मराठी ‘कोपर’ सिद्ध झाला, एवढे सांगून व्युत्पत्तिकार मोकळा होतो. परंतु या शब्दाच्या संगतीस येणारी क्रियापदे पाहिली, तर त्यांत उपचाराचा इतिहासच साठलेला आढळतो. सांधा निखळो की हाड मोडो, हाडवैद्य हात ‘बसवितो’ आणि कामट्या लावून ‘बांधतो’. दोन निरनिराळ्या दुखापतींना बोलीने एकच क्रियापद दिले. सुश्रुताने मात्र ‘संधिमुक्त’ आणि ‘कांडभग्न’ असा स्पष्ट भेद करून पहिल्याचे सहा व दुसऱ्याचे बारा प्रकार सांगितले होते. बंध सैल झाल्यास सांधा स्थिर होत नाही आणि फार घट्ट झाल्यास सूज, वेदना व पाक होतो, हा इशाराही त्याचाच.

मुलांच्या कोपराबाबत हा इशारा फार मोलाचा आहे. पाच ते सात वर्षांचे मूल पसरलेल्या हातावर पडते, आणि दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर मोडते. तेथूनच रक्तवाहिनी जाते. सुजलेला हात आवळून बांधल्यास काही तासांत स्नायू मृत होऊ लागतात व पुढे बोटे कायमची आखडतात. फोल्कमानने १८८१ साली या विकृतीचे वर्णन करून घट्ट बंधासच दोष दिला.

हात वाचला तरी प्रश्न संपत नाही. दंडाच्या हाडाची वाढ खालच्या टोकाकडून जेमतेम एक पंचमांश होते. त्यामुळे कोपराशी राहिलेला बाक वयाबरोबर सरळ होत नाही. तो दिसण्यास वाईट, पण काम बहुधा अडवीत नाही. कोपराच्या बाहेरील उंचवट्याचा भंग याच्या उलट : प्रथम क्षुल्लक वाटतो, न सांधता राहतो, आणि पुष्कळ वर्षांनी करंगळी बधिर होऊ लागते.

हाडवैद्यास दोष देणे सोपे आहे. पण पर्याय कोणता होता? १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी राजवटीत, मोठे रुग्णालय हैदराबादेस. तेव्हाच्या औरंगाबादेत वैद्यकीय महाविद्यालय निघाले १९५६ साली, नांदेडास १९८८ साली. लातूरचे शासकीय महाविद्यालय तर २००२ चे. तोवर कामट्या हाच जवळचा दवाखाना होता.

आता क्ष-किरणाच्या साहाय्याने हाड जुळवून त्वचेतून बारीक तारा घालतात व तीन-चार आठवड्यांनी काढतात. घरी परतलेली आई मात्र शेजारणीस सांगते, ‘पोराचा हात बसवून आणला.’