विणलेला विजय : दीवचा संग्राम, वसईचे बंदर आणि ब्रुसेल्सचे भित्तिपट

वसईच्या पोर्तुगीज कालखंडाची साधने म्हटली की किल्ल्याचे अवशेष, शिलालेख, कागदपत्रे आणि बखरी यांचाच निर्देश होतो. व्हिएन्ना येथील कुन्स्टहिस्टोरिशेस म्यूझियममधील दहा भव्य भित्तिपटही या साधनांत गणावयास हवेत. पोर्तुगीज गव्हर्नर दों जुआंव द कास्त्रो याचा दीव येथील १५४६ चा विजय आणि १५४७ मधील त्याचा गोव्यातील विजयप्रवेश हे त्यांचे विषय होत. इ. स. १५५० ते १५६० च्या सुमारास ते ब्रुसेल्स येथे विणले गेले.

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादुरशाहाने वसई तहान्वये पोर्तुगीजांच्या हवाली केली होती. १५४६ च्या वसंतात ख्वाजा सफर याने दीवला वेढा घातला, तेव्हा वसईचे महत्त्व प्रत्ययास आले. गोव्याहून निघालेली कुमक याच बंदराच्या आश्रयाने उत्तरेकडे सरकली. पुढे स्वतः कास्त्रोनेही येथेच आपले आरमार एकत्र केले. ख्वाजा सफर वेढ्यातच मारला गेला होता. नोव्हेंबरात कास्त्रोने वेढा मोडून काढला. उद्ध्वस्त किल्ला पुन्हा उभारण्यास द्रव्य नव्हते, म्हणून त्याने आपल्या दाढीचे केस तारण ठेवून गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितले.

या पटांचा विचार करताना एक संज्ञाभेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. भरतकामात कापड आधी सिद्ध असते आणि आकृती मागाहून टाक्यांनी भरली जाते. ‘कशिदा’ या शब्दाच्या मुळाशी असलेला फारसी धातू ‘ओढणे, रेखाटणे’ या अर्थाचा आहे. भित्तिपटात मात्र कापड आणि चित्र एकाच वेळी जन्म घेतात. नॉर्मन विजयाची कथा सांगणारा, सुमारे सत्तर मीटर लांबीचा बायूचा सुप्रसिद्ध पट युरोपात भित्तिपट म्हणूनच ओळखला जातो. वस्तुतः तो तागाच्या कापडावरील लोकरीचे भरतकाम होय. ब्रुसेल्सच्या आडव्या मागावर ताण्याखाली पूर्णाकृती नमुनाचित्र ठेवीत आणि विणकर पटाच्या मागील बाजूने काम करी. त्यामुळे तयार पटावर चित्र उलट उमटे. चित्रकाराला हे आधीच हिशेबात धरावे लागे. अन्यथा योद्ध्याची तलवार डाव्या हाती जाई.

साधन म्हणून या पटांची मर्यादा येथेच स्पष्ट होते. कास्त्रोने हा किनारा स्वतः न्याहाळला होता. १५३८–३९ मधील गोवा ते दीव या प्रवासाचा त्याचा वृत्तान्त नौकानयनास उपयुक्त आहेच, शिवाय घारापुरीच्या लेण्यांचे वर्णनही त्यात आले आहे. परंतु १५४८ मध्ये तो मरण पावला आणि पट त्यानंतरचे आहेत. विणकरापुढे किनारा नव्हता, नमुनाचित्र होते. म्हणून हे पट युद्ध कसे झाले याचा पुरावा देण्यापेक्षा, ते कसे स्मरले जावे अशी विजेत्यांची इच्छा होती, याचा अधिक भरवशाचा पुरावा देतात. दीव आणि गोवा या दोन टोकांवर कथा उभी राहिली. त्यांना जोडणारी वसई, तेथील बंदर आणि रसद यांचा शोध कागदपत्रांतूनच घ्यावा लागतो.

हे तंत्र महाराष्ट्रास अपरिचित होते असे नव्हे. पैठणीच्या पदरावरील मोर आणि कमळे याच तत्त्वाने, रंगीत बाणा जागच्या जागी गुंतवून विणली जातात. तथापि पैठणीने इतिहासकथा सांगितली नाही; ते कार्य मराठीत बखरीने आणि पोवाड्याने केले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई जिंकली, तेव्हा त्या विजयाची खूण म्हणून चर्चमधील घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे. ते साल घंटेच्या घडणीचे, विजयाचे नव्हे. एका विजेत्याने आपली कथा नव्याने विणून घेतली. दुसऱ्याने जिंकलेली वस्तूच जपली आणि कथा शब्दांवर सोपविली. वसईचा इतिहास लिहिणाऱ्यास वस्त्र, धातू आणि शब्द ही तिन्ही साधने परस्परांशी ताडून पाहावी लागतील.