अंगणातली जुनी फियाट: विंटेज ठेवायची की रेसकार करायची?

शिरूर परिसरात शर्यत म्हटलं की आधी बैलगाडा आणि घाट आठवतो. पण मोटारीच्या शर्यतीचं वेडही ग्रामीण भागाला नवीन नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांत एखाद्या वाड्याच्या मागे किंवा गोठ्याशेजारच्या शेडमध्ये आजोबांची फियाट धूळ खात उभी दिसते. जुन्या रेसकारचे व्हिडिओ पाहून घरातल्या तरुणांना वाटतं, हिलाच पळवू या. मग वेल्डिंग मशीन येतं, सीटं निघतात आणि पत्रा कापायला सुरुवात होते.

नेमकं इथेच थांबायला हवं. जुनी गाडी मूळ रूपात उभी करणं आणि तिची रेसकार बनवणं, हे कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळे रस्ते आहेत. दुसऱ्या रस्त्यावर एकदा कटर चालला की पहिल्या रस्त्यावर परतणं जवळपास अशक्य होतं.

फियाटच का?

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मुंबईतल्या कुर्ला इथे फियाट 1100 बनू लागली. 1970 च्या दशकात तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.

हीच गाडी शर्यतीतही पळायची. चेन्नईजवळ शोलावरम इथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली विमानांची धावपट्टी होती. तिथे अनेक वर्षं मोटारशर्यती भरत. घरगुती गॅरेजमध्ये तयार केलेल्या फियाट, अ‍ॅम्बॅसॅडर आणि हेराल्ड तिथे एकमेकींशी भिडायच्या. त्या काळी देशात रेसकार विकत मिळत नसे. रोजच्या गाडीचीच रेसकार व्हायची.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत फियाटचा कारखाना आहे, म्हणून जुन्या गाडीचे सुटे भाग तिथे मिळतील असं काहींना वाटतं. तो कारखाना बऱ्याच नंतरचा. तिथे पुंटो, लिनिया आणि पुढे जीप कंपास बनली. जुनी 1100 तिथे कधीच बनली नाही.

विंटेज गाडी कशाला म्हणतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांचे नियम जाहीर केले. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

- पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी.
- गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा.
- नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, पुनर्नोंदणीची 5,000 रुपये. नोंदणी 10 वर्षं चालते.
- नव्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं असतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.
- प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. रोजचा किंवा व्यावसायिक वापर चालत नाही.

म्हणजे 1974 साली नोंदलेली पद्मिनी 2024 मध्ये या व्याख्येत बसली. पण तिची बॉडी कापलेली असेल, तर वय असूनही ती विंटेज ठरणार नाही.

म्हणून पहिलं काम पान्याचं नाही, कागदाचं. जुनं आरसी बुक शोधा. त्यावरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. गाडी अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर वारसांच्या नावावर करून घ्या. दौंडच्या गाड्यांचं काम बारामतीच्या कार्यालयात चालतं, शिरूरच्या गाड्यांचं पुण्याच्या आरटीओत.

आणि रेसकार करायची असेल तर?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

सार्वजनिक रस्त्यावर राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावणं हा कलम 189 खाली गुन्हा आहे. पहाटेचा मोकळा शिरूर–चौफुला रस्ता दिसायला कितीही सरळ असला, तरी तो ट्रॅक नाही. त्याच रस्त्यावर उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉल्याही असतात.

त्यामुळे रेसकार फक्त बंदिस्त ट्रॅकवर चालवायची आणि तिथवर टेम्पो किंवा ट्रेलरवर न्यायची. आत रोल केज, शर्यतीचे पट्टे आणि अग्निशामक हवा. चालकाला मोटारस्पोर्ट्स महासंघाचा परवाना लागतो.

गॅरेजमध्ये काम कसं चालतं?

जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते. फियाट 1100 ला तशी नसते, तिची बॉडी हीच तिची चासी. त्यामुळे दाराखालचा पत्रा किंवा फरशी सडली, तर नुसतं दिसणं बिघडत नाही, गाडीची ताकदच जाते. असा पत्रा कापण्याआधी बॉडीला आतून आडवे आधार द्यावे लागतात. नाहीतर बॉडी वाकते आणि मग दारंच बसत नाहीत.

इंजिन 1,089 सीसीचं. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. झिजलेला सिलिंडर थोडा बोअर करून मोठा पिस्टन बसवणं ही नेहमीची दुरुस्ती. पण व्यास 1 मिलिमीटरने वाढवला तर इंजिन सुमारे 1,122 सीसीचं होतं. शर्यतीतले गट सीसीवर ठरतात, त्यामुळे एवढ्याशा फरकाने गाडी वरच्या, जास्त ताकदीच्या गटात जाऊ शकते. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं आणि जादा कार्बोरेटर लावणं हे शर्यतीचे जुने उपाय. विंटेज नोंदणी हवी असेल तर ते टाळलेलेच बरे.

ट्रॅक्टर आणि साखर कारखान्यांमुळे या भागात लेथवाले आहेत. साधे बुश, पिना, बोल्ट तिथे बनवून मिळतात. मात्र बाजारात न मिळणारा भाग बनवायला देताना जुना भाग टाकू नका. नमुना तोच असतो.

कामाचा क्रम महत्त्वाचा: आधी पत्रा, मग ब्रेक, मग वायरिंग आणि शेवटी इंजिन. बहुतेक जण उलटं करतात. इंजिन सुरू होतं, उत्साहात गाडी गल्लीत निघते आणि चारही चाकांचे जुने ड्रम ब्रेक ऐनवेळी धरत नाहीत.

जीवावर बेतणाऱ्या चुका

- टाकीला वेल्डिंग: रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि तिचा स्फोट होतो. हे काम टाकी दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.
- जुन्या रबरी नळ्या: आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं आणि गळतं. गरम इंजिनाशेजारी अशी गळती म्हणजे आग. सगळ्या नळ्या आणि वॉशर बदला.
- ब्रेकची धूळ: जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हवेच्या पाइपने ती उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.
- नुसता जॅक: जॅक सटकतो. गाडीखाली जाण्याआधी मजबूत लोखंडी स्टँड लावा. विटा लावू नका, त्या दाबाने फुटतात.

मग निवड कशी करायची?

गाडीचे कागद आणि नंबर जुळत असतील आणि बॉडी शाबूत असेल, तर ती मूळ रूपातच उभी करावी. अशा गाड्या दरवर्षी कमी होत आहेत. कागद हरवलेले, बॉडी आधीच कापलेली आणि इंजिन दुसऱ्याच गाडीचं असेल, तर तीच ट्रॅकसाठी योग्य. तिच्या बाबतीत गमावण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

रेसकार पुन्हा कधीही बनवता येईल. आजोबांची अखंड गाडी मात्र एकदाच असते.