हंटर एक्स हंटर: तुमचा नेन टाईप नेमका कोणता?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी हॉस्टेलवर एक क्विझ बनवली होती, 'तुमचा नेन टाईप ओळखा'. दहा प्रश्न, प्रत्येकाला सहा पर्याय, खाली एक बटण. एका रात्रीत कोड लिहिला, ग्रुपवर लिंक टाकली आणि झोपलो. सकाळी उठून बघतो तर निम्मं हॉस्टेल एन्हान्सर! माझ्या रूममेटने तर तोपर्यंत इन्स्टाच्या बायोमध्ये टाकलंही होतं. माझी चूक काय झाली ते पुढे सांगतोच, कारण आज मोबाईलवर ज्या क्विझ फिरतात त्यातल्या बऱ्याच जणी तीच चूक करत असणार.

ज्यांनी ही मालिका बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'हंटर एक्स हंटर' ही योशिहिरो तोगाशी यांची जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा. 'वीकली शोनेन जंप'मध्ये ती १९९८ साली सुरू झाली. ॲनिमे दोनदा झाला. त्यातला २०११ चा, १४८ भागांचा, तुम्ही पाहिला असण्याची शक्यता जास्त. त्यात शरीरातली ऊर्जा, म्हणजे ऑरा, वापरण्याच्या विद्येला 'नेन' म्हणतात. प्रत्येक माणूस जन्मतः सहापैकी एका टाईपचा असतो.

तो टाईप ओळखायची चाचणी मला फार आवडते. काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास घ्यायचा, त्यावर एक पान तरंगत ठेवायचं, दोन्ही हात जवळ धरून ऑरा सोडायचा. पाणी वाढून सांडलं तर एन्हान्सर. हा स्वतःची किंवा वस्तूची मूळ ताकद वाढवतो, जसा गॉन. पाण्याची चव बदलली तर ट्रान्सम्युटर, जो ऑराला दुसऱ्या कशाचे तरी गुणधर्म देतो. किलुआचं पाणी किंचित गोड लागलं होतं, आणि हिसोकाचा चिकट, ताणला जाणारा 'बंजी गम' याच जातीतला. रंग बदलला तर एमिटर, म्हणजे ऑरा शरीरापासून लांब फेकणारा. पान हललं तर मॅनिप्युलेटर, माणसं किंवा वस्तू ताब्यात घेणारा, जसा सुया टोचणारा इलुमी. पाण्यात कण दिसू लागले तर कॉन्ज्युरर, जो ऑरापासून खरी वस्तू तयार करतो, जशी कुरापिकाची साखळी. आणि यापैकी काहीच न होता भलतंच काही झालं, तर स्पेशालिस्ट.

घरी हे करून बघू नका असं म्हणणार नाही. बघा. पाणी हलत नाही एवढंच.

आता खरी गंमत. हे सहा टाईप एका षटकोनात बसवलेत. सगळ्यात वर एन्हान्सर. एका बाजूने खाली ट्रान्सम्युटर आणि मग कॉन्ज्युरर, दुसऱ्या बाजूने एमिटर आणि मग मॅनिप्युलेटर. तळाला स्पेशालिस्ट. तुमच्या स्वतःच्या कोपऱ्यात तुम्ही १०० टक्के, शेजारच्या कोपऱ्यात ८०, त्याच्या पलीकडे ६० आणि अगदी समोर ४०. म्हणजे किलुआसारख्या ट्रान्सम्युटरला एन्हान्समेंट आणि कॉन्ज्युरेशन ८० टक्के जमेल, एमिशन ६०, मॅनिप्युलेशन ४०. अपवाद एकच, स्पेशलायझेशन. जो स्पेशालिस्ट नाही त्याला तिथे शून्य. डेटा स्ट्रक्चर शिकलेल्यांना लगेच कळेल की हे वर्तुळावरचं अंतर आहे, बाकी काही नाही.

या आकड्यांमुळे कथेत माणसं मरतात. कास्त्रो नावाचा लढवय्या मूळचा एन्हान्सर. त्याने स्वतःची हुबेहूब प्रतिकृती उभी करायचं तंत्र शिकलं. त्याला कॉन्ज्युरेशनही लागतं आणि मॅनिप्युलेशनही, आणि एन्हान्सरला दोन्ही ६० टक्केच. हिसोका त्याला हरवतो आणि निदान करतो की तू तुझी मेमरी वाया घालवलीस. दोन जीबी रॅमच्या फोनवर जड गेम टाकलेल्या प्रत्येकाला हे वाक्य कळतं.

स्वभावाची भानगड मात्र पाण्याच्या ग्लासातून आलेली नाही. एन्हान्सर सरळ आणि हट्टी, ट्रान्सम्युटर लहरी आणि थापाड्या, एमिटर उतावळा, कॉन्ज्युरर सतत ताणाखाली, मॅनिप्युलेटर तर्कट आणि आपल्याच चालीने चालणारा, स्पेशालिस्ट स्वतंत्र वृत्तीचा. ही यादी हिसोकाची आहे. ना ती गुरू विंगने शिकवली, ना ती नेनचा नियम आहे. एका खुनशी जादूगाराचा तो वैयक्तिक अंदाज, आणि सगळ्या क्विझ त्यावर उभ्या. जपानमध्ये रक्तगटावरून स्वभाव सांगायची पद्धत मासाहिको नोमी यांच्या १९७१ च्या पुस्तकाने घरोघरी नेली. त्यामुळे तिथल्या वाचकाला अशी यादी ओळखीची वाटते. आपल्याकडे राशी आहेतच.

असं वर्णन पटतं का? बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि सगळ्यांना एकच उत्तर वाटलं, शब्दन् शब्द तेच. ते आपल्याला किती लागू पडतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

आता माझी चूक. सहा टाईपची बेरीज एका यादीत ठेवून मी सगळ्यात मोठा आकडा निवडत होतो. दहा प्रश्न सहा टाईपमध्ये वाटले की बरोबरी खूप होते, आणि बरोबरी झाली की कोड यादीतलं पहिलं नाव उचलतो. पहिलं नाव होतं एन्हान्सर. शिवाय 'मित्र संकटात असेल तर?' असल्या प्रश्नाला सगळे हिरोचंच उत्तर देतात, आणि हिरो गॉन! नंतर मी बरोबरीच्या वेळी षटकोनातल्या शेजारच्या कोपऱ्यांचे गुण बघायला लागलो. उत्तरं बरीच सुधारली.

क्विझ नको असेल तर माझी पद्धत वापरा. फोन हँग झाल्यावर तुम्ही काय करता? तोच ॲप दहा वेळा उघडता, फोन गादीवर आपटता, काहीतरी जुगाड काढता, दुसऱ्याला कामाला लावता, की तुमच्याकडे बॅकअप आधीच असतो? अशा तीन खऱ्या घटना आठवा आणि उत्तरं स्वतः न देता घरच्यांना विचारा. आई अजिबात भीड ठेवत नाही. 'स्पेशालिस्ट' आलं तर फार फुगू नका. कथेत कॉन्ज्युरर आणि मॅनिप्युलेटर पुढे स्पेशालिस्ट व्हायची शक्यता जास्त असते, तेव्हा आधी त्या दोघांत स्वतःला तपासा.

माझा मामेभाऊ अकरावीला आहे. दिवाळीत त्याने प्रोग्रामिंग सोडल्याचं जाहीर केलं. "दादा, मी एमिटर. चुका शोधत बसणं आपल्या टाईपचं काम नाही." मस्करी वाटली, पण त्याने खरंच महिनाभर लॅपटॉप उघडला नव्हता. मी वाद घातला नाही, षटकोन काढून दिला. "तुझ्या समोरचा कोपरा कॉन्ज्युरेशन. तिथे किती?" "चाळीस." "शून्य आहे का?" तो नुसता हसला. आठ दिवसांनी त्याचा स्क्रीनशॉट आला, एका कंसासाठी दोन तास घालवल्याचा.

एक काम मात्र कराच. क्विझने फेसबुक लॉगिन, कॉन्टॅक्ट्स किंवा जन्मतारीख मागितली तर तिथूनच परत फिरा. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण अशाच एका स्वभावचाचणीच्या ॲपमधून निघालं. फेसबुकने २०१८ मध्ये दिलेल्या माहितीनुसार भारतात ते ॲप फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं, पण मित्रयादीमुळे सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती.

रूममेटला नंतर दुरुस्त केलेली क्विझ दिली. ट्रान्सम्युटर आला. बायो त्याने आजतागायत बदललेला नाही.