आजीची चाळ आणि परवानगीच्या अर्जातला एक रकाना

या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे घसरलं, ते इथे थोडं सावरलंय; बाकी तसंच ठेवलंय.

तर झालं असं. गेल्या दिवाळीत मी गिरगावात आजीकडे गेलो होतो. चाळीचा लाकडी जिना, नक्षीचा कठडा, गॅलरीतल्या कमानी, सगळ्याचे हौसेने फोटो काढत होतो. आजी दारात बसून बघत होती. मी म्हटलं, "आजी, तुमची चाळ हेरिटेज परिसरात येते, माहितीये का तुला?" ती म्हणाली, "माहितीये की. म्हणून तर अजून संडास बाहेर आहे. रात्री जाशील तेव्हा टॉर्च घे, तिसरी पायरी हलते."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. कुणी म्हणालं की या बदलामुळे सिस्टीम बंद पडली, तर पहिला प्रश्न येतो: नक्की याच बदलामुळे का? म्हणून आजचा भाग. आजीचं म्हणणं किती खरं?

आधी थोडं मागे जाऊ. आपल्याकडे जुन्या वास्तू जपायचा मुख्य केंद्रीय कायदा १९५८ चा. तो स्मारकांसाठी आहे: किल्ले, लेणी, मंदिरं, मकबरे. वास्तू किमान शंभर वर्षांची हवी, राष्ट्रीय महत्त्वाची हवी. अख्ख्या देशात अशी संरक्षित स्मारकं साधारण ३,७००. पण ज्या इमारतीत माणसं राहतात, खाली दुकान आहे, वर वाळत घातलेले कपडे आहेत, तिचं काय? ती स्मारक नाही. ती शहराचा भाग आहे. तिचं भवितव्य दिल्लीत नाही, पालिकेच्या इमारत परवानगीच्या टेबलावर ठरतं.

हे मुंबईने देशात पहिल्यांदा ओळखलं. १९९५ मध्ये बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ६७ क्रमांकाचा नियम लागू झाला. सोबत सहाशेहून जास्त इमारती आणि परिसरांची यादी आली. यामागे वास्तुविशारद, इतिहासप्रेमी आणि नागरिक संस्थांनी अनेक वर्षं केलेला पाठपुरावा होता. गंमत बघा, यासाठी नवा कायदा लागला नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यात ऐतिहासिक जागा जपणं हा विकास आराखड्याचा एक विषय होताच. नव्वदच्या दशकात त्यात 'वारसा इमारत' आणि 'वारसा परिसर' हे शब्द आले. आणि मग नियम.

नियमाने केलं काय? इमारती पाडताना आरडाओरडा करण्याऐवजी पाडण्याच्या अर्जावरच एक तपासणी बसवली. अर्ज पालिकेकडे आला, इमारत यादीत असली, की तो वारसा संवर्धन समितीकडे जातो. समिती आयुक्तांना सल्ला देते. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड लाइव्ह जायच्या आधीचा चेक. बिघडल्यावर रडण्यात अर्थ नसतो, आणि इमारतीच्या बाबतीत तर मागचं व्हर्जन परत आणताही येत नाही.

यादीत तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत आत-बाहेर कुठेच हात लावायचा नाही, मजबुतीसाठी गरज असेल तेवढाच. दुसरीत आतले बदल आणि नवा वापर चालतो, बाहेरचं रूप सांभाळून. तिसरीत आतून-बाहेरून दोन्हीकडे बदल करता येतात, फक्त परिसराशी फटकून नको. आणि वारसा परिसर म्हणजे एकेक इमारत नाही, तर सगळी मिळून जी वस्ती तयार होते ती. खोताची वाडी डोळ्यांसमोर आणा.

म्हणजे घरात संडास बांधायला वारसा नियमाची मनाई नाही. आजीचं चुकलं?

थांबा. आता पैशांकडे येऊ.

१९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली जुनी भाडी गोठवली. हेतू चांगला होता. फाळणीनंतर शहरात लोंढे येत होते, घरमालकांनी लुटू नये म्हणून. पण काही दशकांनी भाडं इतकं क्षुल्लक झालं की त्यातून जिन्याची एक पायरीही बदलता येईना. मालकाने हात झटकले. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आलं आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. मंडळ दुरुस्ती करतं, पण खर्चाला प्रति चौरस मीटर मर्यादा. लाकडी कठडा घडवणाऱ्या सुताराची मजुरी त्यात कुठून बसणार? मग टेकू लागतात, कठड्याच्या जागी सिमेंटची भिंत येते.

१९९५ च्या नियमाने पैशाचा विचार केलाच नव्हता असं नाही. वारसा इमारतीमुळे मालकाला प्लॉटवर जेवढं बांधता येत नाही, तेवढे हक्क टीडीआरच्या रूपात दुसरीकडे, मुख्यतः उपनगरांत, वापरायची सोय होती. ही युक्ती न्यूयॉर्कमध्ये आधी वापरली गेलेली. तिथे १९६३ मध्ये पेन स्टेशन पाडायला घेतलं, लोक हादरले, १९६५ मध्ये वारसा कायदा आला. मग ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर बांधायला नकार मिळाला म्हणून रेल्वे कंपनी कोर्टात गेली. १९७८ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नियम वैध आहे; आणि न वापरलेले बांधकाम हक्क शेजारच्या जागांवर नेता येतात, हेही त्यांनी विचारात घेतलं.

पण टीडीआर कुणाला? मालकाला. आजी भाडेकरू. तिच्या वाट्याला ना टीडीआर, ना सुतार.

आणि दुसऱ्या बाजूला बिल्डर उभा: पुनर्विकास, वाढीव एफएसआय, मोफत नवं घर, लिफ्ट, आत संडास. वारसा विरुद्ध संडास अशी निवड ठेवली तर माणूस संडास निवडणार. मीही तोच निवडेन. १९९९ मध्ये सरकारने तिसऱ्या श्रेणीतल्या आणि वारसा परिसरांतल्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला समितीच्या परवानगीतून सूट दिली, ती याच दबावाखाली. २०१२ मध्ये नव्या यादीत शिवाजी पार्कसारखे परिसर आले, तेव्हा रहिवासीच विरोधात उतरले. त्यांना वारसा नको होता असं मला वाटत नाही. 'यादीत आलो म्हणजे अडकलो' ही भीती होती, आणि ती काढून टाकेल असं उत्तर कुणी दिलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: वारसा हा शहर नियोजनाचा भाग करायचा, तर अर्जातला रकाना ही फक्त अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी म्हणजे बजेटमधला रकाना. राहणाऱ्याला दुरुस्तीसाठी मदत, जुन्या पद्धतीच्या कामाचा वेगळा दर, आतल्या सोयींसाठी झटपट परवानगी. 'नाही' म्हणायला समिती आहे, 'कसं करायचं' हे सांगायला खिडकी नाही.

आणि आपलं काम? २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला तेव्हा लोकांनी नकाशे उघडून चुका शोधल्या. वारसा इमारतींच्या नोंदींतही गोंधळ होता. हजारो हरकती गेल्या, आणि सरकारला तो मसुदा दुरुस्त करायला परत पाठवावा लागला. आता २०२० च्या एकत्रित नियमावलीमुळे राज्यातल्या इतर शहरांतही वारसा जतनाची तरतूद आहे. तुमच्या शहराची यादी शोधा. तुमच्या गल्लीतला वाडा त्यात आहे का बघा. आराखड्यावर हरकती मागवतात, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड करून थांबू नका, अर्ज द्या.

हे सगळं मी आजीला फोनवर सांगितलं. नियमाची मनाई नाही गं, पैशाची व्यवस्था नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं. म्हणजे पायरी कोण बदलणार?"

पुढच्या रविवारी मी आणि खालच्या मजल्यावरचे काका मिळून सुतार शोधणार आहोत. जुन्या लाकडाचं काम करणारा गिरगावात कुणी ओळखीचा असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.