द ड्रॉ (पडदा-संपादक)

द ड्रॉ हा एमएस-डॉस कार्यप्रणालीवर चालणारा, मजकूर-पडदे रेखाटण्याचा संपादक आहे. इयन ई. डेव्हिस यांनी 'द सॉफ्ट प्रोग्रॅमिंग सर्व्हिसेस' या नावाखाली त्याची पहिली आवृत्ती १९८६ मध्ये तयार केली. ऑक्टोबर १९९३ मधील ४.६३ ही त्याची अखेरची सार्वजनिक आवृत्ती होय. आन्सी चित्रांसाठी हा संपादक विशेष ओळखला जात असला, तरी जीडब्ल्यू-बेसिक, क्विकबेसिक यांसारख्या भाषांत आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनाही तो उपयोगी होता. मेनू, शीर्षकपट आणि माहिती भरण्याचे तक्ते त्यात आखून बेसिक आज्ञावलीत तयार स्वरूपात वापरता येत.

पार्श्वभूमी

बेसिकमध्ये पडद्याची मांडणी प्रामुख्याने तीन आज्ञांनी केली जाते. 'लोकेट' दर्शक ठरावीक ओळीत व रकान्यात नेते, 'कलर' रंग ठरवते आणि 'प्रिंट' मजकूर उमटवते. चौकटी काढण्यासाठी आयबीएम पीसीच्या कोड पेज ४३७ मधील रेषा-चिन्हे वापरली जातात. उदाहरणार्थ, दुहेरी आडव्या रेषेचा क्रमांक २०५, उभ्या रेषेचा १८६ आणि वरच्या डाव्या कोपऱ्याचा २०१ आहे. ही चिन्हे कळफलकावर नसल्याने ती क्रमांकाने लिहावी लागतात.

अशा रीतीने एक पडदा उभा करण्यास अनेक ओळींची आज्ञावली लागते आणि तो कसा दिसेल हे ती चालवल्याशिवाय कळत नाही. एखादे शीर्षक दोन रकाने सरकवायचे झाल्यास अनेक 'लोकेट' आज्ञांतील आकडे बदलावे लागतात. पडदा-संपादकामुळे मांडणी आज्ञावलीपासून वेगळी होते. पडदा ही आज्ञांची मालिका न राहता जतन करता येणारी माहिती ठरते.

पडद्याची स्मृती

ही पद्धत पीसीच्या मजकूर-पडद्याच्या रचनेवर आधारलेली आहे. नेहमीच्या पडद्यावर २५ ओळी व ८० रकाने, म्हणजे २००० जागा असतात. प्रत्येक जागेसाठी स्मृतीत दोन बाइट राखलेले असतात. पहिल्यात चिन्हाचा क्रमांक आणि दुसऱ्यात त्याचा रंगगुण असतो. त्यामुळे संपूर्ण पडदा ४००० बाइटांत मावतो.

रंगगुणाच्या बाइटमधील खालचे ४ बिट अक्षराचा रंग, त्यावरचे ३ बिट पार्श्वभूमीचा रंग आणि सर्वांत वरचा बिट लुकलुकणे दर्शवतो. निळ्या पार्श्वभूमीवरील (१) पिवळ्या अक्षराचा (१४) रंगगुण १६ × १ + १४ = ३० असा येतो. कोणत्याही जागेचा पत्ता १६० × (ओळ − १) + २ × (रकाना − १) या सूत्राने मिळतो. त्यानुसार १२व्या ओळीतील ४०व्या रकान्याचा पत्ता १८३८ होय.

बेसिकमधील वापर

द ड्रॉमध्ये तयार केलेला पडदा आन्सी, द्विमान, पास्कल, असेम्ब्लर इत्यादी स्वरूपांत जतन करता येतो. बेसिकसाठी 'बीसेव्ह' हे स्वरूप सोयीचे आहे. त्यात प्रारंभी ७ बाइटांचे शीर्ष असते. त्यातील पहिला बाइट २५३ असून पुढील तीन जोड्यांत स्मृतीचा खंड, खंडातील पत्ता व लांबी नोंदलेली असते. त्यानंतर पडद्यावरील माहिती येते.

वापराचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत:

१. संपादकात पडदा रेखाटावा आणि वापरकर्त्याने भरावयाच्या जागा रिकाम्या ठेवून त्यांच्या ओळी व रकाने टिपून घ्यावेत.
२. पडदा बीसेव्ह स्वरूपात जतन करावा.
३. बेसिकमध्ये 'डेफ सेग' आज्ञेने पडद्याचा स्मृतीखंड निवडावा. रंगीत पडद्यासाठी तो षोडशमान पद्धतीत बी८००, म्हणजे ४७१०४ असतो.
४. 'बीलोड' आज्ञेने संचिका पत्ता ० वर आणावी. पूर्ण पडदा एकदम उमटतो.
५. टिपलेल्या जागी 'लोकेट' करून 'इनपुट' किंवा 'इन्की' यांच्या साहाय्याने माहिती घ्यावी.

संपादक केवळ चित्र पुरवतो. भरलेली माहिती तपासणे आणि दर्शक एका रकान्यातून दुसऱ्यात नेणे ही कामे आज्ञावलीनेच करावी लागतात.

दक्षता

बीलोड आज्ञा दिलेला पत्ता योग्य आहे की नाही हे तपासत नाही. चुकीचा खंड दिल्यास बेसिकची किंवा कार्यप्रणालीची स्मृती पुसली जाऊन संगणक बंद पडू शकतो. एकरंगी पडद्याचा खंड बी०००, म्हणजे ४५०५६ असतो. त्यामुळे रंगीत पडद्यासाठी लिहिलेली आज्ञावली तेथे काहीच दाखवत नाही. हे टाळण्यासाठी खंड ० मधील ११२३ या पत्त्यावरचा बाइट 'पीक'ने वाचतात. तो १८० असल्यास पडदा एकरंगी समजावा.

जीडब्ल्यू-बेसिकमध्ये २५व्या ओळीत कार्यकळांची यादी दिसते. ती 'की ऑफ' आज्ञेने आधी काढून टाकावी लागते. जुन्या सीजीए पत्रिकेवर पडद्याच्या स्मृतीत थेट लिहिताना क्षणभर पांढरे ठिपके चमकतात.

देवनागरी आणि रेषा-चिन्हे

कोड पेज ४३७ मध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. एमएस-डॉसवर भारतीय लिपी दाखवण्यासाठी पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचे (सी-डॅक) जिस्ट कार्ड वापरले जात असे. मात्र इस्की या भारतीय प्रमाणातील (१९९१) 'क' ते 'ह' ही व्यंजने १७९ ते २१६ या क्रमांकांवर आहेत, आणि कोड पेज ४३७ मधील १७९ ते २१८ हे क्रमांक चौकटींच्या रेषांना दिलेले आहेत. म्हणजे १७९ हा क्रमांक एका संकेतात 'क', तर दुसऱ्यात उभी रेषा आहे. त्यामुळे कोड पेज ४३७ धरून काढलेली चौकट इस्की म्हणून वाचल्यास रेषांच्या जागी व्यंजनांच्या रांगा मिळतात.

नंतरचा काळ

१९९२ मध्ये आलेल्या 'व्हिज्युअल बेसिक फॉर एमएस-डॉस'मध्ये मजकूर-पडद्यावरचे तक्ते आखण्याची सोय भाषेसोबतच मिळू लागली. विंडोजच्या प्रसारानंतर मजकूर-पडद्यांचा वापर घटला. द ड्रॉ आणि जुन्या बेसिक आज्ञावल्या आज डॉसबॉक्ससारख्या अनुकरण-प्रणालीत चालवता येतात.

हे सुद्धा पहा

बेसिक (संगणकीय भाषा)
क्विकबेसिक
एमएस-डॉस
इस्की